खरा व्हॅम्पायर उन्हावरून नव्हे, कबरीवरून ओळखावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हल्लीच्या व्हॅम्पायरकथांवर झालेली चर्चा वाचली. सूर तक्रारीचा होता. आजचे व्हॅम्पायर उन्हात फिरतात, कॉलेजात जातात, माणसांच्या प्रेमात पडतात, बाटलीतले रक्त पितात. मग त्यांना व्हॅम्पायर म्हणायचेच कशाला? या तक्रारीशी मी अर्धा सहमत आहे. आजचे बरेचसे व्हॅम्पायर मलाही खरे वाटत नाहीत. पण त्यांना खोटे ठरवण्यासाठी जी कारणे दिली गेली, ती टिकणारी नाहीत. ऊन, सुळे, आरसा, वटवाघूळ, काळा झगा ही सगळी लक्षणे गेल्या दोनशे वर्षांत कादंबरीकारांनी, नाटकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी चिकटवली किंवा पक्की केली. हीच कसोटी लावायची तर ज्या प्रेतांमुळे व्हॅम्पायरचे नाव युरोपभर झाले, ती प्रेतेच नापास होतील.

म्हणून आधी ती प्रेते पाहायला हवीत.

१७१८ च्या पासारोवित्झच्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांच्या हातून ऑस्ट्रियाकडे गेला आणि १७३९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. नव्या राजवटीचे अंमलदार आणि लष्करी सर्जन खेडोपाडी पोहोचले. गावकरी जे पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते, ते त्यामुळे सरकारी कागदांवर उतरू लागले. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. जर्मन कागदांत त्याचे नाव प्लोगोयोवित्झ असे आले आहे. त्याला पुरल्यानंतर आठवड्याभरात गावातली लहानथोर नऊ माणसे प्रत्येकी एका दिवसाच्या आजाराने गेली. पेटर झोपेत येऊन अंगावर बसला आणि त्याने गळा दाबला, असे त्यांनी मरताना सांगितले. पेटरची बायको तर गाव सोडूनच निघून गेली होती. नवरा येऊन आपल्या वहाणा मागत होता, असे तिचे म्हणणे होते.

गावकऱ्यांनी फ्रोम्बाल्ड नावाच्या अंमलदाराला कबर उघडताना हजर राहायला सांगितले. बेलग्रेडहून परवानगी आणावी लागेल, असे तो म्हणाला. तोवर आमचे गाव संपेल, तुम्ही आला नाहीत तर आम्ही घरेदारे सोडून जाऊ, असे गावकऱ्यांनी त्याला बजावले. शेवटी तो धर्मगुरूला घेऊन गेला आणि जे पाहिले ते त्याने लिहून काढले. प्रेत दहा आठवड्यांचे होते, पण दुर्गंधी नव्हती. नाक थोडे बसले होते, बाकी शरीर शाबूत. केस, दाढी, नखे वाढल्यासारखी दिसत होती. जुनी पांढुरकी कातडी सुटून खाली नवी आली होती आणि तोंडात ताजे रक्त होते. लोकांनी खुंटा धारदार करून हृदयात ठोकला, तेव्हा कानातोंडातून रक्त वाहिले, आणि मग प्रेत जाळून राख केली. यात काही चूक झाली असेल तर ती माझी नाही, भीतीने भान हरपलेल्या जमावाची आहे, असे फ्रोम्बाल्डने अहवालाच्या शेवटी वरिष्ठांना कळवले आहे. हा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात २१ जुलै १७२५ रोजी छापून आला.

दुसरे प्रकरण मेद्वेजा गावचे. अर्नाउत पावले हा हायदुक, म्हणजे सरहद्दीवरचा शिपाई, गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. हयात असताना आपल्याला एका व्हॅम्पायरने छळले होते, त्यावर उपाय म्हणून आपण त्याच्या कबरीतली माती खाल्ली आणि त्याचे रक्त अंगाला लावले, असे तो सांगत असे. त्याच्या मृत्यूनंतर वीस-तीस दिवसांत लोक तक्रार करू लागले आणि चौघे मेले. चाळिसाव्या दिवशी त्याला उकरून खुंटा मारला, तेव्हा तो कण्हला म्हणतात. काही वर्षांनी त्याच गावात तीन महिन्यांत सतरा माणसे दगावली. या वेळी फ्ल्यूकिंगर नावाचा रेजिमेंटचा सर्जन सहकारी सर्जनांसह कबरस्तानात उभा राहिला आणि त्याने एकेक प्रेत उघडून तपासले. अहवालाची तारीख २६ जानेवारी १७३२ आहे आणि खाली सर्जनांबरोबर लष्करी अधिकाऱ्यांच्याही सह्या आहेत.

या अहवालातली एक नोंद मुद्दाम सांगतो. स्तानोइका नावाची वीस वर्षांची बाई. रात्री धडधाकट झोपली, मध्यरात्री किंचाळत उठली, नऊ आठवड्यांपूर्वी मेलेला मिलो आपला गळा दाबतो आहे असे ओरडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. अठरा दिवसांनी कबर उघडली तेव्हा तिच्या उजव्या कानाखाली बोटभर लांबीचा निळसर, रक्त साकळलेला डाग होता. मानेवरची खूण म्हणतात ती एवढीच. दोन छिद्रे नाहीत, चावा नाही, सुळ्यांचा उल्लेखही नाही. त्या काळच्या या साक्षींत मरणारी माणसे दडपल्याची, गळा दाबल्याची आणि छातीत कळ आल्याची तक्रार करतात. दुसरी नोंद साठ वर्षांच्या मिलित्साची. ही बाई जन्मभर वाळलेली, आणि कबरीत मात्र गुटगुटीत निघाली, याचे गावकऱ्यांना सर्वांत आश्चर्य वाटले. आणि तिसरी एका हुद्देदाराच्या बायकोची. तिची कबर शेजारीच, माती तीच, पण ती पूर्ण कुजलेली होती. म्हणून तिला परत पुरले. ताज्या निघालेल्या प्रेतांची मुंडकी छाटून, सगळे जाळून राख मोरावा नदीत सोडली.

हे वाचून गावकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. मला तो अन्याय वाटतो. त्यांनी जे पाहिले ते अचूक होते, चूक अनुमानात होती. मातीत पुरलेले प्रेत किती हळू कुजते, याचा त्यांना अंदाज नव्हता. एकोणिसाव्या शतकातले बर्लिनचे न्यायवैद्यकतज्ज्ञ योहान लुडविग कास्पर यांचा ठोकताळा आजही सांगितला जातो: उघड्या हवेत एका आठवड्यात प्रेताची जी अवस्था होते, ती पाण्यात दोन आणि मातीत आठ आठवड्यांनी होते. या हिशेबाने दहा आठवडे पुरलेला पेटर हा हवेत नऊ दिवस पडलेल्या प्रेतासारखा होता. त्याचा सांगाडा झालेला असावा ही अपेक्षाच चुकीची होती. मेद्वेजातली तपासणी ऐन थंडीत झाली. थंड जमिनीत हा वेग आणखी मंदावतो, शिवाय ओलावा, शरीरातली चरबी आणि मरण्याआधीचा आजार यांनुसार शेजारशेजारच्या दोन कबरींत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. हुद्देदाराची बायको कुजली आणि तिची शेजारीण नाही, यात अद्भुत काही नाही.

आता रक्ताकडे या. मृत्यूनंतर आतड्यांतले जिवाणू वायू तयार करतात. त्यात मिथेन असतो, कार्बन डायऑक्साइड असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. पोट फुगते, अंग भरल्यासारखे दिसते, आणि वाळकी मिलित्सा गुटगुटीत होते. हाच दाब फुफ्फुसांतला तांबूस-काळपट द्रव नाकातोंडातून बाहेर ढकलतो. ओठांवर ओघळलेला तो द्रव पाहून कोणालाही हा रात्री रक्त पिऊन आला असे वाटावे. शिवाय मृत्यूनंतर गोठलेले रक्त काही वेळा पुन्हा पातळ होते, म्हणून खुंटा मारल्यावर ते वाहते. वरची कातडी सुटते आणि तिच्याबरोबर नखे गळतात. खालची ओलसर, लालसर त्वचा आणि नखाखालचा मऊ भाग नवा आल्यासारखा दिसतो. दाढी वाढत नाही. गालाची कातडी वाळून आकसते आणि खुंट वर दिसू लागतात. आणि कण्हणे? फुगलेल्या छातीवर खुंट्याचा जोराचा घाव बसला की आतला वायू स्वरयंत्रातून बाहेर पडतो आणि आवाज होतो. फ्रोम्बाल्ड आणि फ्ल्यूकिंगर यांनी नोंदवलेली जवळपास प्रत्येक खूण आजच्या शवचिकित्सेच्या पुस्तकात सापडते.

गावाचा उपायही पायरी-पायरीने ठरलेला असे. सर्बियन कोशकार वुक काराजिच यांनी १८१८ च्या कोशात तो नोंदवला आहे. आधी कबर शोधायची. त्यासाठी एकही डाग नसलेला काळा घोडा कबरस्तानात फिरवायचा, आणि ज्या कबरीवरून तो पाऊल टाकणार नाही ती उकरायची. प्रेत फुगलेले, लाल, न कुजलेले निघाले तर हॉथॉर्नचा खुंटा. हे चिवट, काटेरी झाड सर्बियात ग्लोग म्हणून ओळखले जाते. रक्त अंगावर उडू नये म्हणून काही ठिकाणी प्रेतावर आधी वाळके कातडे पसरत. खुंट्याने भागले नाही तर मुंडके छाटायचे, तेही पुरले नाही तर जाळायचे. जाळणे शेवटी यायचे कारण व्यावहारिक आहे. आपल्याकडे एका चितेला साधारण तीन-चारशे किलो लाकूड लागते, हे स्मशानात लाकूड मोजून घेतलेल्या कोणालाही माहीत असते. पुरण्याची पद्धत असलेल्या खेड्यात, साथीच्या दिवसांत एवढे लाकूड जमवायचे आणि ओले प्रेत पुरते जाळायचे, हे सोपे काम नव्हे.

या प्रकरणांवर अखेर व्हिएन्नातूनच बंदी आली. १७५५ मध्ये मोराव्हिया प्रांताच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) सीमेवरच्या एका गावात प्रेते उकरून जाळल्याचे कळल्यावर महाराणी मारिया थेरेसाने आपल्या वैद्याच्या, गेरार्ड व्हान स्वीटेनच्या सल्ल्याने असले प्रकार सरकारला न कळवता करायचे नाहीत, असा हुकूम काढला. रोग मात्र राहिलाच. १८९२ मध्ये अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटर गावी मर्सी ब्राउन ही एकोणीस वर्षांची मुलगी जानेवारीत क्षयाने गेली. आई आणि मोठी बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ एडविन खंगत चालला होता. शेजाऱ्यांनी वडिलांवर दबाव आणला आणि १७ मार्चला तिघींची प्रेते तपासली. आई-बहिणीचे जवळजवळ सांगाडे झालेले. मर्सीला अजून पुरलेही नव्हते, हिवाळाभर ती दगडी कोठडीत ठेवलेली होती, त्यामुळे हृदयात रक्त सापडले. हे स्वाभाविक आहे, फुफ्फुसांत क्षयाच्या खुणा आहेत, असे हजर असलेल्या डॉक्टरांनी सांगितले. तरी हृदय जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांच्या आत तो गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर करून तेव्हा दहा वर्षे झाली होती.

हे सगळे समोर ठेवले की खऱ्या व्हॅम्पायरची ओळख पटू लागते. तो परका नसतो. तो आपल्याच गावचा, बहुधा आपल्याच घरचा, नुकता मेलेला माणूस असतो. पोलंडमधल्या द्राव्स्को गावच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या कबरस्तानात २८५ सांगाड्यांपैकी सहा असे निघाले की त्यांच्या गळ्यावर किंवा पोटावर विळा ठेवलेला होता किंवा हनुवटीखाली दगड. हे बाहेरून आलेले असतील म्हणून संशय आला असावा, असा एक तर्क होता. माणूस लहानपणी कुठे वाढला हे दातांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून कळते; त्याची तपासणी झाली आणि ते स्थानिकच निघाले. याखेरीज व्हॅम्पायरमागे एक आजार असतो, घरातून घरात जाणारा, ज्याचे कारण कोणाला कळत नाही. आणि त्याला शरीर असते. कबरीत पडलेले, उकरता येणारे, फुगणारे आणि कुजणारे शरीर. आपला मेलेला, पसरणारा रोग आणि हाताला लागणारे प्रेत, एवढे असेल तर मी त्याला खरा व्हॅम्पायर म्हणेन, मग तो भर दुपारी बाजारात का फिरेना.

कल्पित वाङ्मयातला पहिला नामवंत व्हॅम्पायर १८१९ चा. इंग्रज कवी बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याने तो लिहिला आणि तिथेच गाव सुटले. शेतकऱ्याच्या जागी उमराव आला, तो समाजात मानाने वावरतो, आणि मेल्यावर चांदण्याने पुन्हा उठतो. सुळ्यांच्या दोन खुणा १८४० च्या दशकातल्या स्वस्त हप्तेबंद कथांनी पक्क्या केल्या. आरशाचा नियम ब्रॅम स्टोकरने रुजवला. उभ्या कॉलरचा झगा १९२० च्या दशकातल्या नाटकातून आला. आणि ज्या उन्हावरून एवढा वाद चालतो, ते ऊन 'नोस्फेराटू' या १९२२ च्या जर्मन मूकपटाने प्राणघातक केले. स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा असतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते इतकेच. तेव्हा उन्हात फिरणारा व्हॅम्पायर खोटा म्हटले तर ड्रॅक्युलालाही बाहेर काढावे लागेल.

ड्रॅक्युलाला बाहेर काढायला माझी हरकत नाही, पण कारण दुसरे आहे. माझ्या कसोटीवर त्या कादंबरीत खरा व्हॅम्पायर तो नाहीच. खरी व्हॅम्पायर आहे ल्यूसी. ड्रॅक्युला परदेशातून जहाजाने येतो, शतकांपूर्वी मेलेला, कोणाचाच नातलग नसलेला. त्याचा शेवट खुंट्याने होतही नाही: एकाची कुकरी गळ्यावर, दुसऱ्याचा सुरा हृदयात, आणि क्षणात धूळ. ल्यूसी मात्र घरची मुलगी आहे. अनाकलनीय आजाराने खंगून मरते, तिला पुरतात, आठवड्याभरात आसपासची मुले गळ्यावर जखमा घेऊन सापडू लागतात. मग तिचेच जिवलग तिची शवपेटी उघडतात.

त्या प्रसंगातला तपशील पाहण्यासारखा आहे. खुंटा अडीच-तीन इंच जाडीचा, सुमारे तीन फूट लांब, टोक आगीत भाजून कठीण केलेले. ठोकायला कोळसे फोडायचा जड हातोडा. घाव घालणारा तिचा वाग्दत्त वर. काम झाल्यावर खुंट्याचा वरचा भाग करवतीने कापतात, टोक आतच ठेवतात, मुंडके छाटून तोंडात लसूण भरतात आणि शिशाची पेटी डाक देऊन बंद करतात. मेद्वेजाच्या गावकऱ्यांना यातले जवळजवळ सगळे समजले असते. एकच गोष्ट खटकली असती. आदल्या भेटीत शिशाची पेटी प्रथम कापतात तेव्हा बरोबरचा डॉक्टर वायूचा लोट येईल म्हणून मागे सरतो, कारण प्रेत आठवड्याचे आहे. वायू येत नाही. माझ्या मते साहित्यातला व्हॅम्पायर कुजण्यापासून सुटला तो या जागी. गावच्या व्हॅम्पायरचा पुरावा फुगलेले, द्रव गाळणारे शरीर हा होता; ल्यूसी मात्र जिवंतपणीपेक्षा सुंदर दिसते. पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या देखण्या, गंधहीन, तरुण व्हॅम्पायरांची वाट इथून फुटली.

ही कसोटी पुढे नेली की निकाल अनपेक्षित लागतात. १९२२ चा मूकपट उन्हाच्या बाबतीत नवा नियम आणतो, पण त्यात व्हॅम्पायरच्या जहाजातून उंदीर आणि प्लेग उतरतात, गल्लीतून शवपेट्यांच्या रांगा जातात. रोगाच्या बाजूने तो किसिल्येवोच्या फार जवळ आहे. रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या कादंबरीत व्हॅम्पायर जंतुसंसर्गाने होतात, लसणाचा आणि खुंट्याचा परिणाम नायक प्रयोगाने तपासतो आणि त्याचा जुना शेजारी रोज रात्री घराबाहेर येऊन त्याला हाक मारतो. रूप विज्ञानकथेचे, पण आपला मेलेला, रोग आणि शरीर ही तिन्ही लक्षणे हजर. ही मी खरी व्हॅम्पायरकथा मानतो. आणि १९६८ नंतर सिनेमात आलेले झोंबी? तेही याच कादंबरीच्या प्रभावातून आले. उठून येणारा नातलग, चाव्याबरोबर पसरणारी साथ, सडके अंग. गावच्या व्हॅम्पायरची वतनदारी आज झोंबीकडे गेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट २००५ पासून गाजलेल्या 'ट्वायलाइट' या अमेरिकन कादंबरीमालिकेतले व्हॅम्पायर. त्यांची कातडी उन्हात चमकते म्हणून सगळे हसतात. मला चमकण्याचे काही वाटत नाही. अडचण अशी, की तिथे माणूस विषाने सुमारे तीन दिवसांत बदलतो आणि थेट टणक, निर्दोष शरीर मिळवतो. त्याला कोणी पुरत नाही, उकरत नाही. त्याच्यामुळे गावात आजार फिरत नाही, त्याच्या आईला किंवा बायकोला खुंटा हातात घ्यावा लागत नाही. बाटलीतल्या कृत्रिम रक्तावर जगणाऱ्या मालिकांतल्या पात्रांचेही तेच. त्या व्यक्तिरेखा चांगल्या असू शकतात. व्हॅम्पायर म्हणून त्यांच्यात उरते ते रक्त पिणे, आणि रक्त डासही पितो.

प्रेमाचा मुद्दा मात्र तक्रारदारांनी सोडून द्यावा. व्हॅम्पायर प्रेमात पडतो हे आधुनिक खूळ नाही. सर्बियात व्हॅम्पायर रात्री आपल्या बायकोकडे येतो, विशेषतः ती तरुण आणि देखणी असेल तर, आणि त्याच्यापासून होणाऱ्या मुलाला हाडे नसतात, अशी समजूत काराजिच यांनी नोंदवली आहे. आजच्या क्रोएशियातल्या इस्त्रिया भागात क्रिंगा गावचा युरे ग्रांदो १६५६ मध्ये वारला आणि पुढची सोळा वर्षे विधवेकडे येत राहिला, असे सांगत. १६७२ मध्ये नऊ जण कबर उघडायला गेले, हॉथॉर्नचा खुंटा त्याच्या अंगावरून उडाला, आणि अखेर मुंडके छाटावे लागले. शृंगार जुनाच आहे. फरक हा, की जुन्या कथांत तो विधवेच्या वाट्याला आलेला भोग होता.

आपल्याकडे ही कल्पना आणताना काय बिघडते, हेही सांगायला हवे, कारण मराठी भयकथांत आणि हल्लीच्या श्राव्य कथांत व्हॅम्पायर बऱ्याचदा येतो. आपल्याकडे बहुसंख्य प्रेतांना अग्नी दिला जातो. शरीर राहत नाही, म्हणून आपली भुते बिनशरीराची आहेत: मुंजा, हडळ, समंध. त्यांची कारणे अपुऱ्या इच्छेची आणि उपाय तृप्तीचे. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे लोक हात जोडून 'तुमचे राहिलेले आम्ही करू' असे कबूल करतात. वहाणा मागायला आलेला पेटर आपल्याकडे असता तर प्रकरण एवढ्यावर मिटले असते. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळकथांच्या इंग्रजी रूपांतराच्या नावातच व्हॅम्पायर घातला, तेव्हापासून वेताळाला त्याच्या पंक्तीला बसवायची सवय लागली आहे. तेही जुळत नाही. कथांतला वेताळ परक्या प्रेतात शिरलेला असतो आणि रक्त न पिता कोडी घालतो. गोव्यात आणि तळकोकणात तर तो राखणदार देव आहे. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. वहाणांसाठी गाव सोडणारी पेटरची बायको आणि चपला घेऊन येणारे आरवलीचे भक्त यांच्या मृतांविषयीच्या आणि देवांविषयीच्या कल्पनांत किती अंतर आहे, ते एवढ्यावरून कळते.

मग मराठी मातीत खरा व्हॅम्पायर शक्य नाही का? मला तो एका काळात शक्य दिसतो. स्टोकरची कादंबरी मे १८९७ मध्ये लंडनमध्ये आली तेव्हा पुण्यात प्लेग होता. आदल्या सप्टेंबरात तो मुंबईत मांडवीला दिसला होता. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, सोल्जर घराघरांत घुसून झडती घेऊ लागले, माणसांना विलग छावणीत नेऊ लागले, आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. झडतीच्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवत, प्रेतेही लपवत. घरातली माणसे एकामागून एक जात होती, दारात सरकारी कागद घेऊन अंमलदार उभा होता, आणि अग्नी न मिळालेले प्रेत वाड्यात कुठेतरी होते. किसिल्येवोत गावकऱ्यांनी अंमलदाराला ओढत कबरीपाशी नेले. पुण्यात अंमलदारच दार फोडून आत येत होता. अशी कथा कोणी लिहायला घेतली तर सुळे, वटवाघूळ, आरसा यांतले काही नसले तरी चालेल. प्रेत वाड्यात कुठे आहे आणि ते तिथे ठेवायचे कोणी ठरवले, एवढे मात्र लेखकाला आधी पक्के करावे लागेल.

आपला,
लोककथांचा एक अभ्यासक, सांगली